रेंजकाका

हिवाळा लागला की मेलबर्नमधली निवृत्त मंडळी कॅरॅव्हॅन गाडीला जोडून निघतात, कुणी उत्तरेच्या उन्हाकडे, कुणी पश्चिमेच्या किनाऱ्याकडे. या पिकल्या केसांच्या भटक्यांना ऑस्ट्रेलियात ‘ग्रे नोमॅड’ म्हणतात. आमचे रेंजकाका त्यांतलेच, फक्त पोटजात वेगळी. बाकीचे दऱ्या, धबधबे आणि मगरी बघत जातात. काका टॉवर बघत जातात. उलुरूहून परत आल्यावर मी विचारलं, “कसं वाटलं, काका?” तर म्हणाले, “शेजारच्या युलारा गावात उत्तम. चार काड्या.” तो लाल डोंगर कसा दिसला, हे काकूंनी सांगितलं.

काकांची एक जाड वही आहे. तिच्यात गावाचं नाव, तारीख, कंपनी, काड्या किती आणि फोन कुठल्या हातात धरला होता, एवढं सगळं लिहिलेलं असतं. निसर्गासाठी ‘शेरा’ नावाचा रकाना आहे. त्यात बहुतेक ठिकाणी ‘मधे टेकडी’ असं लिहिलेलं सापडतं.

कॅरॅव्हॅन घ्यायला त्यांना एक दुपार पुरली. सिम ठरवायला अख्खा उन्हाळा गेला. मुलाची पत्रिका बघावी तसे ते प्रत्येक कंपनीचा कव्हरेजचा नकाशा मांडीवर घेऊन बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोष दाखवायचे. असाच एकदा मी तावडीत सापडलो. टेल्स्ट्रा म्हणते, आमचं जाळं ९९.७ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचतं. ऑप्टसचा दावा ९८.५ टक्क्यांचा. मी म्हटलं, “मग फरक जेमतेम सव्वा टक्क्याचाच की. स्वस्त असेल ते घ्या.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “अरे, लोकसंख्या म्हणजे मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन. आपण जाणार तिथे तो उरलेला अर्धा टक्कासुद्धा राहत नाही! जमीन बघ, जमीन. देश सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरचा. टेल्स्ट्राची स्वतःची फुशारकी ३० लाखांची. म्हणजे सगळ्यांत मोठी कंपनी घेतली तरी निम्म्याहून जास्त देशात फोनचा उपयोग काय, तर वेळ बघायला.”

त्या ३० लाखांतही गोम निघाली. तो आकडा गाडीवर बाहेरची अँटेना लावलेली आहे असं धरून काढला होता. २०२५ मध्ये व्होडाफोनने यावरून जाहीर बोंब ठोकली. बाकीचे ग्राहक चिडले असतील, काका मात्र खुलले. अँटेना घ्यायला त्यांना कारण हवंच होतं.

शेजारच्यांनी आल्डीतून दूध-पावाबरोबर सिमही आणलं, तेव्हा काकांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. तशी आल्डीची सेवाही टेल्स्ट्राच्याच टॉवरवर चालते, पण तिच्या वाट्याला टेल्स्ट्राचं पूर्ण जाळं येत नाही. बूस्ट नावाच्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांना ते पूर्ण मिळतं. ही बारीक अक्षरातली मेख काकांनी शेजाऱ्यांना कुंपणावरून अर्धा तास समजावली. शेजारी जाणार होते जिलाँगला. मेलबर्नहून तासाभराच्या रस्त्यावर.

फोन कुठला घ्यायचा हा आणखी एक अध्याय. टेल्स्ट्रा ज्या हँडसेटांची खेड्यापाड्यांसाठी शिफारस करते त्यांना ‘ब्लू टिक’ देते. काकांच्या घरी ब्लू टिक नसलेल्या फोनला चार्जरही मिळत नाही. त्यात २८ ऑक्टोबर २०२४ पासून टेल्स्ट्रा आणि ऑप्टस दोघांनीही थ्रीजी बंद करायला घेतलं. काकूंच्या जुन्या बटणांच्या फोनवरून आणीबाणीच्या ट्रिपल झिरोला फोरजीने कॉल लागत नव्हता. असे फोन नियमानेच नेटवर्कबाहेर काढले गेले. काकूंनी तो आता हळदीकुंकवाच्या डब्यात ठेवलाय. “नवा दिवसातून दोनदा चार्जिंग मागतो. याने कधी काही मागितलं नाही,” असं म्हणतात.

अँटेना काकांकडे दोन आहेत. सपाट मुलखात जास्त डीबीआयची (हे अँटेनाच्या ताकदीचं माप), डोंगराळ भागात कमीची. जास्तीची अँटेना लहरी चपट्या करून लांब फेकते आणि डोंगरात त्या डोक्यावरून निघून जातात, म्हणून ही अदलाबदल. रस्त्यात चढ लागला की काका गाडी कडेला घेतात, पान्हा काढतात आणि गाडीच्या पुढच्या बुलबारशी झटायला लागतात. तेवढ्यात काकूंचं पुस्तकाचं एक प्रकरण वाचून होतं. भाच्याने एकदा मुंबईहून स्वस्तातला बूस्टर आणू का म्हणून विचारलं, तर काका फोनवरच ओरडले. कंपनीने मान्य न केलेला बूस्टर लावणं इथे बेकायदेशीर आहे. बायकोच्या पिशवीतून लोणचं विमानतळाबाहेर काढणारा हा माणूस बूस्टरच्या बाबतीत मात्र हरिश्चंद्र आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर नलारबोरचं माळरान ओलांडायचा योग आला. सेडुनाहून नॉर्समनपर्यंत सुमारे बाराशे किलोमीटर, आणि मधे वस्ती म्हणजे रोडहाउस. रोडहाउस सोडलं की थोड्याच वेळात एकेक काडी गळते, तसा काकांचा चेहराही उतरतो. मग सगळी भिस्त यूएचएफ रेडिओवर. चाळीस नंबरवर ट्रकवाले, अठरावर कॅरॅव्हॅनवाले. समोरून येणाऱ्या प्रत्येक कॅरॅव्हॅनला काका एकच प्रश्न विचारत: “पुढे रेंज आहे का?” पलीकडचे बिचारे कांगारूंची, वाऱ्याची, पेट्रोलच्या भावाची खबर देऊ बघायचे. ट्रकवाल्यांची भाषा सुरू झाली की काकू आवाज बारीक करायच्या आणि काका, “अगं, त्यांना सगळे टॉवर माहीत असतात,” म्हणून पुन्हा मोठा करायचे.

हेड ऑफ बाइटला समुद्रात देवमासे आले होते, माद्या आणि त्यांची पिल्लं. आम्ही कठड्याला टेकून बघत होतो. काका पाठमोरे, हात आकाशात. “आली, आली!” म्हणून ओरडले. लोकांना वाटलं, त्यांना आणखी एखादी मादी दिसली. सगळा घोळका तिकडे धावला.

यूक्लाला मात्र ते स्वतःहून उतरले. तिथे वाळूत अर्धवट गाडलं गेलेलं जुनं तारघर आहे. १८७७ मध्ये या तारेने पश्चिम ऑस्ट्रेलिया पूर्वेकडच्या वसाहतींना जोडला गेला. गंमत अशी की दोन्ही बाजूंचे मोर्स कोड वेगळे. एका बाजूच्या तारमास्तराने संदेश उतरवून घ्यायचा, मधल्या पडद्यातून पलीकडे सरकवायचा आणि दुसऱ्याने आपल्या कोडमध्ये तो पुढे ठोकायचा. काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे तेव्हाही रोमिंग होतंच की!” त्या भिंतीला त्यांनी मनापासून नमस्कार केला. उलुरूला केला नव्हता.

या पट्ट्यातलं घड्याळही घरचंच. हिवाळ्यात पर्थच्या पाऊण तास पुढे, ॲडलेडच्या पाऊण तास मागे. सरकारी मान्यता नाही, पण रोडहाउसची भिंत तेच सांगते. फोन वेगळं सांगतो. काका फोनवर विश्वास ठेवून जेवायला गेले आणि स्वयंपाकघर बंद झालेलं होतं.

आता कुणी विचारेल, एवढी रेंज मिळवून काका करतात काय? मी ऐकलंय. नाशिकच्या थोरल्या भावाला फोन लागतो. “हॅलो! ऐकू येतंय का? मला येतंय. हो, हो, स्वच्छ. नाही, काही नाही रे, रेंज होती म्हणून केला. बरं, ठेवतो.” तिकडून दादाही तेवढ्याच समाधानाने ठेवतात. टेलिफोनसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली, ट्रंक कॉल लागला की सगळ्या वाड्याला ऐकू जाईल असं ओरडणारी ही पिढी. लागला, यातच सगळा निरोप आला. पुढचं बोलायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नाही.

बलडोनियाच्या अलीकडचा १४६.६ किलोमीटरचा नाकासमोरचा रस्ता संपवून आम्ही थांबलो, तेव्हा तिन्ही सिमं, मॉडेम आणि जास्त डीबीआयची अँटेना, सगळ्यांनी हात टेकले होते. काका कॅरॅव्हॅनच्या छतावर चढायच्या विचारात होते. तेवढ्यात रोडहाउसच्या भिंतीशी काकू दिसल्या, टेल्स्ट्राच्या सार्वजनिक फोनवर. २०२१ च्या ऑगस्टपासून या फोनवरून देशभर कुठेही फुकट बोलता येतं. सिडनीच्या मुलीचा नंबर काकूंना तोंडपाठ. बोलणं डोहाळजेवणाच्या मेन्यूवर आलं होतं.

काका मागे जाऊन उभे राहिले. जरा वेळाने खाकरले. “अगं, आटप. मागे लोक खोळंबलेत.”

काकूंनी मागे वळून पाहिलं. त्या सगळ्या माळावर काका आणि मी. “लोक म्हणजे तुम्हीच ना?” म्हणत त्यांनी रिसीव्हर पुढे केला.

“हॅलो! ऐकू येतंय का?” काकांचा आवाज पर्थपर्यंत गेला असावा. मग एकदम हळवा झाला. “काय स्वच्छ आवाज येतोय गं तुझा! कुठलं सिम घेतलंयस?”