आठ तासांची शिदोरी

2005 च्या ऑगस्टमध्ये कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं आणि मोबाइलचे टॉवर, पोलिसांचे वायरलेस एकामागून एक मुके झाले. बॅटऱ्या संपल्या, जनरेटरला डिझेल पोहोचेना. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 2007 मध्ये फर्मान काढलं: टॉवरला किमान आठ तासांचा बॅकअप हवाच.

कंपन्या थेट कोर्टात! बॅटऱ्या जड, इमारतींची छपरं तोलणार नाहीत, खर्च अफाट. शेवटी 2008 मध्ये केंद्राच्या अर्थसंकल्प कार्यालयाने नियमाला नकार दिला, तोही कागदी कामाचा बोजा कमी करणाऱ्या कायद्यावर बोट ठेवून. वादळ परवडलं, फॉर्म नको.

2019 मध्ये कॅलिफोर्नियात वणव्याच्या धास्तीने वीज तोडली, तेव्हा मरीन काउंटीतले निम्म्याहून जास्त टॉवर गप्प. मग पुढच्या वर्षी राज्याच्या आयोगाला जाग आली. वणव्याचा धोका असलेल्या भागांत थेट 72 तासांची सक्ती!

डोंगरमाथ्यावर संदेश पुढे पाठवणारे रिपीटर चालवणारे हॅम रेडिओचे हौशी मात्र नियमातल्या तासांवर विसंबून बॅटरीवर आंधळा विश्वास टाकत नाहीत. चार्जर जोडलेला असताना मीटर ऐटीत 13.8 व्होल्ट दाखवतो. चार्जर काढून माइकचं बटण दाबलं, की थकलेली बॅटरी झरझर अकरावर उतरते. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी पूड खरवडायला त्यांना कुठल्या आयोगाची मंजुरी लागत नाही.