नळ गोठू नये म्हणून (घरी वडील असल्यास)

शिकागोच्या उपनगरांत राहणाऱ्या, आणि हिवाळ्यात ज्यांच्याकडे गावाहून वडील मुक्कामाला येतात अशा समस्त मराठी गृहस्थांच्या माहितीसाठी.

नियम १. पहिल्या थंडीआधी अंगणातल्या नळाचा होजपाइप काढावा, आतला कॉक बंद करावा आणि बाहेरचा नळ उघडून उरलेले पाणी सांडू द्यावे. होज तसाच राहिला तर पाणी नळात अडकते. फुटल्याचे कळते ते थेट उन्हाळ्यात, झाडांना पाणी घालताना.

नियम २. गॅरेज, तळघर, माळा अशा हीटर न पोहोचणाऱ्या जागी पाइपांना फोम चढवावा. मात्र फोम ऊब देत नाही, असलेली धरून ठेवतो. खुर्चीला स्वेटर घातल्याने खुर्ची तापत नाही. मुळातच ऊब नसेल तिथे विजेची हीट केबल लागते.

नियम ३. गॅरेजचे दार लावून घ्यावे. ‘हवा खेळती हवी’ हा मुद्दा एप्रिलपर्यंत स्थगित.

नियम ४. पारा उणे ७ सेल्सियसच्या खाली जाणार असेल, त्या रात्री नळ ठिबकत ठेवावा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पण पाइप बहुतेकदा बर्फाच्या जागी फुटतच नाही. बर्फाचे बूच आणि बंद नळ यांच्यामध्ये पाणी कोंडते, दाब वाढतो, आणि पाइप तिथे फुटतो. नळ ठिबकत असला की दाबाला वाट मिळते.

आता हे लातूरच्या माणसाला पटवून दाखवा! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आले, ते याच लातुरात. आमचे अण्णा तिथले. भाजी धुतलेले पाणी तुळशीला जाते की नाही, यावर त्यांची आजही नजर असते. असा माणूस रात्री टपटप ऐकून पडून राहील? उठतात, आणि नळ असा आवळतात की सकाळी मला पकड शोधावी लागते. मी ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. खाली त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘का?’

तोडगा : नळाखाली बादली. अण्णा तिच्यावर ताट झाकतात, सकाळी कुंड्यांना घालतात, उरलेल्या पाण्याने फरशी पुसतात आणि मला विचारतात, “तुमच्याकडे ठिबकला अनुदान मिळतं का रे?”

नियम ५. पाइप गोठलाच तर नळ उघडा ठेवून हेअर ड्रायरने नळाकडून मागे शेकत जावे. ज्योत लावू नये, घर लाकडाचे आहे.

नियम ६. मेन कॉक कुठे आहे हे घरात सर्वांना ठाऊक असावे. लांब गावाला जाताना तो बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करावेत, म्हणजे गोठायला काही उरत नाही. अण्णांना हे अजून सांगितलेले नाही. कळले तर रोज संध्याकाळी सातलाच घराचे पाणी जाईल.