हवेतील मोजणी

ज्या इसमाने आयुष्याची तीस वर्षे परक्यांच्या जमिनी मोजण्यात आणि बांधावरचे तंटे ऐकण्यात घालविली, त्याने सेवानिवृत्तीनंतर निदान कुंड्यांना पाणी घालावे, अशी अपेक्षा त्याच्या कुटुंबाने बाळगली तर तीत गैर काही नाही. परंतु आमच्या रावसाहेबांनी गोल्फ धरला, आणि तोही एखाद्या मैदानावर नव्हे, तर पुण्यातील घराच्या गच्चीवर, दहा फुटांवर जाळी बांधून. हल्ली मोठ्या वसाहतींतून असा एखादा गृहस्थ आढळतोच. त्याची खरी खूण हातातला दांडा ही नसून, चेंडूच्या मागे सात-आठ फुटांवर तिवईवर विराजमान झालेली, पानाच्या डब्याएवढी काळी पेटी ही होय.

या पेटीचा महिमा असा. हलत्या वस्तूवर आपटून परतणाऱ्या लहरींची कंपनसंख्या पालटते, हे जे तत्त्व डॉप्लर नावाच्या ऑस्ट्रियन पंडिताने १८४२ साली मांडले, त्याच्या आधारे ती दांड्याचा वेग, चेंडूचा वेग आणि उड्डाणाचा कोन पहिल्या काही फुटांतच टिपते, आणि उरलेला सारा प्रवास गणिताने पुरा करून मोबाइलच्या पडद्यावर आकडा उमटविते. चेंडूची गिरकीसुद्धा ती सांगते. मात्र स्वस्त पेट्यांत ती पुष्कळदा मोजलेली नसून अंदाजलेली असते, ही गोष्ट रावसाहेबांपुढे काढू नये. सारांश, फार तर ४५.९३ ग्रॅम वजनाचा तो चेंडू प्रत्यक्षात जातो दहा फूट, आणि दप्तरी पडतो १३२ वारांवर. रावसाहेबांना यात विसंगती दिसत नाही. नकाशा आणि जागा यांचा मेळ बसला नाही तर चूक जागेची, अशी त्यांची नोकरीतही श्रद्धा होती. शिवाय १३२ वार म्हणजे तेहेतीस फुटी साखळीच्या नेमक्या बारा साखळ्या, हा योगायोग त्यांना ईश्वरी संकेत वाटतो.

चेंडूच्या वेगाला दांड्याच्या वेगाने भागले असता येणाऱ्या अंकावर तर त्यांचा दिवस अवलंबून असतो. सर्वांत लांब दांड्यालाही दीडच्या पलीकडे सहसा जाता येत नाही. रावसाहेब सात नंबरच्या दांड्याने एक-एकतीसवर रेंगाळतात, आणि सकाळी चहाच्या वेळी ‘आज एक-चौतीस’ असे अशा स्वरात सांगतात की नवख्याने ताप मोजण्याची नळी शोधावी. काकूंनी फक्त एकदाच तोंड उघडले. “अहो, चेंडू सव्वाशे वार गेला म्हणता ना? मग माझ्या पापडांच्या ताटात कोण पडलं होतं?”

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर आम्ही त्यांच्याबरोबर पुणे जिल्ह्याच्याच टोकाला, आहुप्याला गेलो. घोडेगाव सोडून डिंभे धरणाच्या फुगवट्याच्या कडेकडेने गाडी चालली असता मंडळी पाणी पाहत होती, आणि रावसाहेब मांडीवरची पेटी सांभाळीत होते. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या वडिलांना सारा गाव बाबा म्हणतो. हिरडा गोळा करण्यात हयात गेलेल्या त्या वृद्धाने पेटीकडे बराच वेळ पाहिले, मग आत जाऊन गोफण आणली आणि एक खडा असा भिरकावला की तो खाचरे ओलांडून कुठल्या कुठे गेला. पेटी गप्पच. रावसाहेब म्हणाले, “ती फक्त गोल्फचा चेंडू ओळखते.” “मग खडा गेलाच न्हाई म्हना की,” बाबा म्हणाले, आणि गोफण गुंडाळून बसले.

मग रावसाहेब चेंडू मारायला उभे राहिले. डावीकडे भैरवनाथाची देवराई. तिथली वाळली काटकीदेखील घरी न्यायची नाही, तेव्हा तिकडे गेलेला चेंडू देवाचाच, असा निवाडा बाबांनी आधीच दिला होता. देवाशी हद्दीचा वाद नको म्हणून रावसाहेबांनी राईकडून अंग जरा अधिकच वळविले आणि कापलेल्या खाचरात, बांधाला समांतर अशी दिशा धरली. परंतु दांड्याचे तोंड किंचित उघडे राहिले, आणि चेंडू चांगला उंच चढून उजवीकडे, जिकडे कडा होता तिकडे, एखाद्या रुसलेल्या जावयासारखा वळत वळत निघून गेला.

कड्याखाली कोकण. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड यांचे सुळके, पायथ्याला खोपिवली, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे. चेंडू पडल्याचा आवाज आला नाही. पेटीने मात्र तत्परतेने हुकूम सोडला: १३२ वार.

“कुटं पडला म्हनं?” बाबांनी विचारले.

“एकशे बत्तीस वारांवर.”

बाबांनी हात डोळ्यांवर धरून तेवढे अंतर नजरेने मोजले. “साहेब, तितं तर जमीनच न्हाई.”

चेंडू सुटतो त्याच पातळीवर तो पडणार, असे पेटीचे गणित गृहीत धरते. सह्याद्रीची तिला वर्दी नव्हती. रावसाहेब स्तब्ध उभे राहिले. आयुष्यभराची मोजणी आणि ही पेटी यांच्यामधला एवढा मोठा कडा त्यांनी यापूर्वी पाहिला नव्हता. अखेरीस त्यांनी खिशातून वही काढली, अंतराच्या रकान्यात १३२ लिहिले, त्याखाली नित्याप्रमाणे ‘१२ साखळ्या’ असे नोंदविले, आणि क्षणभर पेन्सिल ओठांशी धरून शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले: ‘चेंडू परजिल्ह्यात.’