किट वसूल

मराठीत गाडीला गॅस ‘लावतात’, जसा मुलाला क्लास लावतात. पैसे आधी जातात आणि निकालाची वाट बघत बसायचं. आमच्या पेट्रोलच्या गाडीला एलपीजी लावून मला चौदा महिने झाले. या चौदा महिन्यांत ‘कसा आहेस?’ असं मला कुणी विचारलेलं नाही. भेटेल तो एकच विचारतो, ‘किट वसूल झालं का?’

लावायचं कारण सांगायला नको. मे २०२१च्या शेवटी मुंबईत पेट्रोलने शंभरी गाठली. (परभणीकर हसतील. ते या बाबतीत मुंबईच्या कायम पुढे असतात; इतर कुठल्याच बाबतीत त्यांना कुणी पुढे जाऊ दिलेलं नाही.) मग त्याच पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये दम पेट्रोलच्या दोन तृतीयांश, भाव मात्र पुरता पेट्रोलचा. ऊस आता मी दोन ठिकाणी विकत घेतो, वाण्याकडे आणि पंपावर. पैकी वाण्याकडचा निदान गोड लागतो.

सीएनजी का नाही? कारण मला नोकरी आहे. पुण्यात सीएनजीच्या रांगेत उभं राहणं हा पूर्ण वेळचा व्यवसाय आहे. शिवाय तो वायू दोनशे बारच्या दाबाने कोंबलेला, त्याचा सिलिंडर म्हणजे डिकीत झोपलेला पाहुणा. एलपीजीचं तसं नाही. आठ-दहा बारच्या दाबाला तो मुकाट्याने पातळ होऊन बसतो. त्याची टाकीही मेदुवड्यासारखी गोल, स्टेपनीच्या खळग्यात अलगद बसणारी. फिटर म्हणाला, ‘साहेब, डिकी जशीच्या तशी!’ डिकी खरंच जशीच्या तशी राहिली. फक्त स्टेपनी डिकीत आली, डिकीतलं सामान मागच्या सीटवर आलं आणि मागच्या सीटवरची आत्या रिक्षाने आली.

आता हिशोब. मी वही घातली आहे. दोनशे पानी, वर ‘गॅस’ लिहिलेली. सोपं जावं म्हणून पेट्रोल १०५ रुपये आणि गॅस ६६ रुपये लिटर धरू. ‘एवढा स्वस्त!’ म्हणून उडी मारायची नाही. लिटरभर गॅसमध्ये लिटरभर पेट्रोलएवढी ऊर्जा नसते, त्यामुळे ॲव्हरेज पाचवा हिस्सा तरी पडतं. पेट्रोलवर पंधरा देणारी माझी गाडी गॅसवर बारा देते. म्हणजे किलोमीटरला सात रुपये जायचे ते साडेपाच जातात. वाचले दीड रुपये. किटाचे मोजले ३६,०००. भागाकार करा, २४,००० किलोमीटर. माझी गाडी महिन्याला पाचशे फिरते. चार वर्षं.

चार वर्षं काय, बघता बघता जातील, असं मी घरी म्हणालो. बायको म्हणाली, ‘पंपावर कशाने जाणार?’

हा प्रश्न फिटरने विचारला नव्हता. एलपीजीचा पंप आमच्यापासून नऊ किलोमीटरवर आहे. जवळ एक होता, तिथे आता सीएनजीची रांग आहे. टाकी चाळीस लिटरची, पण भरायची बत्तीसच, कारण ऊन लागलं की द्रवरूप गॅस फुगतो आणि त्याला अंग पसरायला जागा लागते. ऐंशी टक्क्यांवर व्हॉल्व्हच बंद होतो. बत्तीस लिटरमध्ये ३८४ किलोमीटर. त्यातले अठरा किलोमीटर गॅस आणायला गेले, म्हणजे ९९ रुपयांचा गॅस गॅस आणण्यात जळला. कामाच्या ३६६ किलोमीटरमागे वाचले ५४९ रुपये, त्यातून हे ९९ गेले, उरले ४५०. पुन्हा भागाकार. २९,३०० किलोमीटर, चार वर्षं साडेदहा महिने. हे साडेदहा महिने फक्त पंपाचे आहेत, हे कुणाला सांगून पटत नाही.

त्यात ही गाडी थंडीत उठल्या उठल्या गॅस घेत नाही. पातळ गॅसची वाफ करायला रिड्यूसर लागतो, रिड्यूसर तापायला इंजिनाचं गरम पाणी लागतं, म्हणून सुरुवात पेट्रोलवर. पाणी तापलं की टक् असा आवाज होतो, स्विचवरचा हिरवा दिवा लागतो आणि दीड रुपयाची बचत सुरू होते. माझं ऑफिस तीन किलोमीटरवर आहे. डिसेंबरात तो टक् ऑफिसच्या गेटात होतो. वॉचमन सलाम करतो, हिरवा दिवा लागतो, मी गाडी बंद करतो.

(दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर धावत. मागे भट्टी बांधलेली, क्लीनर पंख्याचं हँडल फिरवून घामाघूम, आणि घाट आला की उतारूंनी उतरायचं. पण त्या उतारूंना काही वसूल करायचं नव्हतं. त्यांना पोचायचं होतं.)

या घराण्यातला मी पहिला नव्हे. नव्वदच्या दशकात आमच्या सोलापूरच्या मामांनी ओम्नीला गॅस लावला होता. तेव्हा किट म्हणजे एक नळी, एक रेग्युलेटर आणि मामींचा लाल सिलिंडर. तो मागच्या सीटखाली आडवा, वर सतरंजी, सतरंजीवर आम्ही भाचरं. किती गॅस उरला ते सांगणारा काटाच नाही. मामा गाडी थांबवून सिलिंडर हलवून बघत आणि डॉक्टरसारखं ‘हं’ म्हणत. एकदा घरी पाहुणे जेवायला, कुकरची दुसरी शिट्टी होऊन शेगडी विझली आणि नंबर लावलेला दुसरा सिलिंडर मामांबरोबर तुळजापूरला गेलेला. मामी पाहुण्यांना म्हणाल्या, ‘बसा, भात दर्शन घेऊन येतोय.’

मोटारीत एलपीजी जाळायला आपल्या कायद्यात तेव्हा जागाच नव्हती. २००० साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, २००१ साली त्याचा नियंत्रण आदेश निघाला आणि गाडीसाठी वेगळी टाकी, वेगळा पंप आला. घरचा सिलिंडर गाडीत नको, हेही त्यात स्पष्ट आलं. देशातल्या तमाम मामांनी तो आदेश आदराने ऐकून घेतला. नंतर सरकारने अनुदानाचे सिलिंडर वर्षाला सहा केले, मग नऊ, मग बारा. स्वयंपाकघरात किती शिट्ट्या होतात याचा असा बारीक अभ्यास चालला होता, तेव्हा गल्लीबोळात मोटर लावून सिलिंडरातून गाडीत गॅस उपसणाऱ्यांचा अभ्यास करायला कुणाला सवड झाली नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये जळगावात असाच एका ओम्नीत गॅस भरताना स्फोट झाला. गाडीत बसलेली माणसं होरपळली, काही गेली. मग आठवडाभर सगळीकडे धाडी पडल्या. धाडी आठवडाभर पडतात, हे उपसणाऱ्यांनाही पाठ आहे.

मी मात्र सरळमार्गी. किटाला मान्यता हवी, ती देणाऱ्या संस्थांतली एक, एआरएआय, आमच्याच वेताळ टेकडीवर. टाकीला विस्फोटक खात्याची मान्यता हवी, ते खातं नागपुरात. म्हणजे कागदोपत्री माझ्या डिकीचं संरक्षण एक वेताळ आणि एक उपराजधानी मिळून करतात. बीएस-सहा गाडीला बाहेरून किट लावायची मुभा २०२२पर्यंत नव्हतीच, तीही मी थांबून घेतली. मग आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’च्या शेजारी ‘एलपीजी’ चढवून घेतलं. त्या एका स्लॅशसाठी तीन खेपा पडल्या. मग विमा. किटाच्या किमतीवर चार टक्के जादा, आणि माझ्या गॅसमुळे तिसऱ्या माणसाला काही झालं तर त्याची वर्षाची तरतूद म्हणून साठ रुपये. साठ! एवढ्यात तो तिसरा माणूस आणि मी नीट चहासुद्धा पिऊ शकत नाही.

गाडी अधूनमधून मिस मारते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने बॉनेट उघडलं, रिड्यूसर पाहिला आणि परक्या घरात शिरल्यासारखं बॉनेट मिटलं. ‘बाहेरचं किट आहे सर. वॉरंटी गेली. गॅसवाल्याला दाखवा.’ गॅसवाल्याने ऐकून घेतलं, रेस केली, मान हलवली. ‘गॅस ओके आहे. प्रॉब्लेम पेट्रोलचा.’ मी दोघांची गाठ घालून द्यायला तयार होतो. दोघांनाही त्या दिवशी सुट्टी होती.

आणि वास. एलपीजीला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा सडका वास मुद्दाम घालतात. सरकारने जनतेच्या नाकावर टाकलेला इतका विश्वास दुसरीकडे क्वचितच दिसेल. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणून फिटरने सांगितलं, ‘वास बघायचा तर वाकून बघा.’ मी रोज सकाळी पार्किंगमध्ये डिकीमागे गुडघे टेकतो आणि नाक जमिनीला लावतो. नव्या वॉचमनने कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला सांगितलं, साहेब फार धार्मिक आहेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना मात्र खरं कळलं. त्यांनी नोटीस लावली: गॅसची वाहने तळघरात लावू नयेत. सोसायटीत गॅसचं वाहन एकच. ते आता कावळ्यांच्या झाडाखाली असतं. महिन्याला धुलाईचे चारशे रुपये. वहीत हा रकाना मी अजून उघडलेला नाही.

तर वसुली. महिन्याला पाचशेच्या चालीने ही वसुली माझ्या निवृत्तीच्या पलीकडे जाते, हे लक्षात आल्यावर मी चाल वाढवली. गाडी जितकी फिरेल तितके पैसे वाचतात, हे गणित घरात कुणाला मान्य नाही, पण वहीत ते स्वच्छ दिसतं. भाजी आता मार्केट यार्डातून येते. दूरच्या नात्यातली लग्नं मी जवळची मानू लागलो. बारामतीच्या एका मुंजीत मुलाच्या आजोबांनी मला विचारलं, ‘आपण कोणाकडचे?’ मी म्हटलं, गॅसकडचा. चौदा महिन्यांत नऊ हजार किलोमीटर झाले. उरले २०,३००. माझ्या ऑफिसातल्या एकाने त्याची गॅसची गाडी परवा विकायला काढली. गिऱ्हाईक किट बघून म्हणालं, ‘म्हणजे भरपूर चालवलेली दिसते,’ आणि वीस हजार कमी सांगितले. माझ्या हिशोबात ही बातमी बसत नाही, म्हणून मी ती घेतलेली नाही.

गेल्या महिन्यात आईने अक्कलकोटचं नाव काढलं. आमच्यापासून २९० किलोमीटर, जाऊन-येऊन ५८०. गुणिले दीड, ८७० रुपये! मी रात्रीच टाकी फुल करून आलो. सकाळी बघतो तर आई आणि बायको बॅगा घेऊन रिक्षाची वाट बघत उभ्या. आई म्हणाली, ‘मागे बसायला डिकीतलं सामान आहे. आणि तू वळणावळणावर हुंगतोस. आम्ही एसटीने जातो.’ बायकोने माझी वही उघडली होती. शेवटच्या ओळीखाली तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं: मी – अर्धं तिकीट. आई, पंचाहत्तरच्या पुढे – शून्य. किट – नाही.

मी मागून गाडीने गेलो. एकटा. टाकी भरलेली होती, परत थोडीच ओतता येते! दर्शन झालं, प्रसाद झाला, ‘आता तरी गाडीत चला’ म्हटलं, तर दोघींनी परतीचं रिझर्व्हेशन दाखवलं. येताना मोहोळ सोडलं आणि हिशोबाप्रमाणे बरोबर गॅस संपला. टक्. हिरवा दिवा गेला, गाडी पेट्रोलवर आली. पेट्रोलचा काटा केव्हाचा तळाला टेकलेला, कारण पेट्रोल कशाला भरायचं? टेंभुर्णीच्या अलीकडे पंप दिसला. १०५ने भरत उभा होतो. तेवढ्यात हायवेवरून आमची एसटी गेली. खिडकीत आई होती. तिने हात केला, आणि बहुतेक कंडक्टरला सांगितलं, तो आमचा मुलगा.