देवी राजवाड्यावर, कारभार महेश्वरी

देशाला मनुष्यरूप द्यायची हौस जगभर आहे. फ्रान्सला मारियान, ब्रिटनला ब्रिटानिया. आपल्याकडे अवनींद्रनाथ टागोरांनी १९०५ साली भगव्या वस्त्रातली चतुर्भुज भारतमाता रंगवली. इंदूरकरांना मात्र कल्पनाशक्तीला ताण द्यावा लागला नाही. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाई होळकर पुतळ्याच्या रूपात आहेतच. विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठही त्यांच्याच नावाचे.

आता पंचाईत अशी, की बाईंनी १७६७ ते १७९५ कारभार हाकला तो महेश्वरहून, नर्मदेकाठून. हुकुमांवर स्वतःचे नाव नाही, 'श्रीशंकर'. राज्य शंकराचे, आपण नुसत्या कारभारी! आज शंकराच्या जागी बाईंना बसवले आहे आणि बाईंच्या रिकाम्या जागेवर पुढाऱ्यांनी रुमाल टाकला आहे. त्रिशताब्दी जयंतीनिमित्त २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशचे अख्खे मंत्रिमंडळ बैठकीला राजवाड्यातच आले.

जनताही मागे नाही. क्रिकेटचा सामना जिंकला की चला राजवाड्यावर. २२ मार्च २०२० ला तर जनता कर्फ्यू होता, म्हणजे घरात बसायचे होते. संध्याकाळी लोक झेंडे घेऊन, थाळ्या बडवत राजवाड्यावरच जमले. साथ पसरू नये म्हणून गर्दी!

पुतळ्याचे बरे असते. हार घालावा, फोटो काढावा. तो उलटून काही विचारत नाही. खऱ्या अहिल्याबाई रोज दरबारात बसून रयतेच्या तक्रारी ऐकत. त्या असत्या, तर हार घालणाऱ्यांना आधी हिशेब विचारला असता.