खाली बाण चार वेळा

आमच्या सोसायटीत कोणाचाही प्रिंटर रुसला की माझ्या दाराची बेल वाजते. मी लगेच उठत नाही. आधी चष्मा पुसतो, "काय म्हणतोय?" असं डॉक्टरी आवाजात विचारतो आणि मग चपला पायात सरकवतो. बहुतेक वेळा प्लग ढिला असतो. पण तो खोचण्याआधी मी दोन मिनिटं गंभीरपणे पडद्याकडे बघतो. माझी बारा वर्षांची प्रतिष्ठा या दोन मिनिटांवर उभी आहे.

अशा माणसाच्या संगणकात एकच ऑपरेटिंग सिस्टिम असणं बरं दिसलं नसतं. म्हणून विंडोजच्या शेजारी मी लिनक्स बसवलं. विंडोज बायकोचं, लिनक्स माझं. ती कर सल्लागार आहे. तिची डिजिटल सही, हिशेबाचं सॉफ्टवेअर, अशिलांच्या फायली, सगळं विंडोजमध्ये. माझ्या लिनक्समध्ये काय आहे, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की, लिनक्स आहे.

पुढे मी त्याच्याही शेजारी आणखी एक, नवं लिनक्स बसवलं. का, ते विचारू नका.

तर एकोणीस तारखेच्या रात्री मला साफसफाईची लहर आली. जुनं लिनक्स डिस्कच्या पाचव्या कप्प्यात, नवं सहाव्यात. जुनं कशाला सांभाळायचं? उडवलं. केवढी जागा मोकळी झाली ते बायकोला दाखवावं म्हणून संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. काळा पडदा आला. त्यावर इंग्रजीत दोन ओळी : असा कप्पाच नाही, आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. पुढे कर्सर लुकलुकत होता.

ग्रब म्हणजे संगणकाचा दारवान. संगणक उठला की हाच पहिल्यांदा विचारतो, कोणाकडे जायचंय? १९९५ साली जन्मलेल्या या दारवानाचं पूर्ण नाव 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर', म्हणजे गुरुत्वाकर्षण सोडून विश्वातली बाकीची बलं एका सूत्रात बांधू पाहणाऱ्या भौतिकशास्त्रातल्या सिद्धान्ताची थट्टा. नाव एवढं मोठं, पण जुन्या पद्धतीच्या डिस्कवर दाराशी त्याला बसायला जागा ४४६ बाइट. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे त्या जागेत धड लग्नपत्रिकाही मावायची नाही. म्हणून तो दाराशी नुसतं एक पाऊल ठेवतो आणि बाकीचं बिऱ्हाड आतल्या एखाद्या कप्प्यात मांडतो. माझ्या दारवानाचं बिऱ्हाड सहाव्या कप्प्यात होतं. पण मधला कप्पा पाडला की पुढच्यांचे नंबर एकेकाने खाली सरकतात. चाळीतली पाच नंबरची खोली पाडली आणि सहा नंबरवाल्यांच्या दारावर रातोरात पाचाची पाटी लागली, तसं. पोस्टमन अजून सहा नंबर शोधतोय.

हे सगळं आता मी मोठ्या ऐटीत सांगतोय. त्या रात्री मला यातलं काही सुचलं नाही. मी 'हेल्प' असं टंकलं. ग्रबने सांगितलं, असा आदेश त्याला ठाऊक नाही. या अवस्थेत त्याला जेमतेम चार शब्द कळतात आणि 'हेल्प' त्यांत नाही.

"झालं का?" बायकोने आतून विचारलं.

"अपडेट चाललाय."

ती बाहेर आली. पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो, उद्या वीस तारीख."

जीएसटीच्या घरात वीस तारीख म्हणजे काय, ते ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने कपाटातून लांबट वही काढली, अशिलांची बिलं पुढ्यात घेतली आणि डायनिंग टेबलावर बसून हाताने बेरजा करायला लागली. पेनाचा आवाज मला कर्सरच्या लुकलुकण्याइतकाच नियमित ऐकू येत होता.

मान खाली घातली तेव्हा चिठ्ठी दिसली. मॉनिटरच्या खालच्या कडेला चिकटपट्टीने लावलेली, पिवळी पडलेली. ती तिथे अनेक वर्षं होती, पण किराण्याची यादी असेल म्हणून मी ती कधी वाचली नव्हती. तिच्या अक्षरात लिहिलं होतं : 'खाली बाण ४ वेळा. एंटर. मग घड्याळ.'

घड्याळाचं आधी सांगतो. ते सोपं आहे आणि त्यात माझा गुन्हा थोडा लहान आहे. संगणकाच्या पोटात एक घड्याळ असतं. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ लावून ठेवतं आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. विंडोज तेच घड्याळ इथलं समजून जसंच्या तसं वाचतं. मी रात्री लिनक्स वापरलं की सकाळी बायकोचं घड्याळ साडेपाच तास मागे. ती पहाटे पाचला कामाला बसते, तेव्हा पडद्यावर आदल्या रात्रीचे साडेअकरा. एकवीस तारखेच्या पहाटे तिला क्षणभर वाटावं, अजून वीसच आहे, अर्धा तास शिल्लक आहे. सरकारचं घड्याळ मात्र सरकारचंच.

एका जागी दोन वेळा नांदण्याचं आम्हाला खरं तर नवल वाटायला नको. १ जानेवारी १९०६ ला देशाची प्रमाणवेळ ठरली, पण मुंबईने ती मनावर घेतली नाही. मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. नव्या वेळेवरून त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं, गिरण्यांवर दगड मारले. ३९ मिनिटं आधी उठायचं म्हणजे काय चेष्टा आहे? त्यानंतरही जुनी 'मुंबई टाइम' शहरात रेंगाळली, थेट १९५५ पर्यंत. आमचे आजोबा गिरगावात असत. लग्नाचं आमंत्रण आलं की ते आधी विचारत, "मुहूर्त कुठल्या टायमाने?" एकदा न विचारता गेले, तेव्हा अक्षता संपल्या होत्या आणि पंगत बसायला अवकाश होता. तो वेळ त्यांनी मांडवात वरबापाशी प्रमाणवेळेच्या दुष्परिणामांवर बोलण्यात घालवली, असं घरात सांगतात. एका शहराने अर्धं शतक दोन घड्याळं चालवली. पण कुठलं घड्याळ कोणाचं, हे तिथे निदान सगळ्यांना माहीत होतं. माझ्या बायकोला मी ते सांगितलंच नव्हतं. तिने विचारलं तेव्हा म्हणालो होतो, "सेल गेलाय." आणि सीआर २०३२ चा चांगला सेल काढून तसाच नवा बसवला होता. दोनदा. दोन्ही वेळा तिने मला चहा करून दिला होता.

आता बाणांचं. ग्रबच्या यादीत वर माझं लिनक्स, त्याखाली त्याचे प्रगत पर्याय, मग स्मरणशक्तीच्या दोन चाचण्या आणि तळाशी विंडोज. दहा सेकंदांत कोणी काही दाबलं नाही की पहिली ओळ उघडते. म्हणजे रोज पहाटे तिने त्या दहा सेकंदांत पडद्यासमोर उभं राहायचं. गॅसवर दूध असलं तरी. चुकलं की माझं लिनक्स पासवर्ड मागत उभं, मग ते बंद करा, परत सुरू करा, परत दहा सेकंद. चिठ्ठीवरचा ४ खोडून ६ केला होता, ६ खोडून ७, ७ खोडून परत ६. मी प्रयोग केला आणि यादी लांबली की ती मोजून आकडा बदलत होती. मला एका शब्दाने म्हणाली नाही.

पहिली ओळ बदलायला एक मिनिट लागतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बदलली नाही, कारण कोणी पाहुणा आला आणि संगणक चालू केला तर माझं नाव आधी दिसावं. पाहुण्यांपैकी एकालाही ते काय आहे हे कळलेलं नाही. माझ्या आळसावर मी बरेचदा हसलो आहे. याच्यावर त्या रात्री हसू आलं नाही.

दीडच्या सुमाराला डोकं चाललं. कप्प्यांची यादी मागितली. पहिल्या दोघांबद्दल ग्रब म्हणाला, ही लिपी मला येत नाही. म्हणजे विंडोज जिवंत होतं. पाचव्यात डोकावलो तर माझंच सामान ओळीने लागलेलं. दारवानाला नवा पत्ता दिला, 'इन्समॉड नॉर्मल' टंकलं, मग नुसतं 'नॉर्मल', आणि नेहमीची यादी पडद्यावर आली. आत शिरून दारवानाला नव्या पत्त्यावर पुन्हा बसवलं. मग आपसूक उघडायच्या ओळीचा आकडा ० होता, तो ४ केला. ग्रब शून्यापासून मोजतो, त्यामुळे पाचवी ओळ म्हणजे ४. घड्याळही इथल्या वेळेवर ठेवायला लावलं. लिनक्सने त्यावर लांबलचक इशारा दिला. तो मी वाचला नाही.

रिटर्न वीस तारखेला दुपारी दोनला भरून झाली. संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, सेलचंसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोन चहा झाले तुमच्याकडे."

चिठ्ठी मात्र तिने काढली नाही. "राहू द्या," म्हणाली, "तुम्ही परत काहीतरी कराल." ६ खोडून तिने पुन्हा ४ केला आहे.

हल्ली मला लिनक्स हवं असेल तर दहा सेकंदांत वरचा बाण चार वेळा दाबावा लागतो. परवा मी तेवढ्यात चहा गाळायला गेलो आणि विंडोज उघडलं.