शुभेच्छुकांसाठी नियमावली : नारायणगाव व परिसर

सदर नियमावली शुभेच्छुकांसाठी आहे. शुभेच्छुक म्हणजे फ्लेक्सच्या तळाशी ओळीने उभी असलेली, गॉगल लावलेली, हात जोडलेली किंवा कानाला मोबाइल लावलेली मंडळी. पुणे-नाशिक रस्त्याने येताना बाह्यवळण टाळून नारायणगावातून गेलात, तर आज सण कोणता हे कळायला पंचांग लागत नाही. चौकातले फ्लेक्स सांगतात. दिवाळीला फ्लेक्सवर पणती असते, ईदला पणतीच्या जागी चंद्रकोर येते, नाताळला घंटा येते. भावी सदस्यांचा फोटो आणि ‘हार्दिक शुभेच्छा’ हे दोन शब्द मात्र जागचे हलत नाहीत. फ्लेक्सवाल्याच्या भाषेत, मॅटर तेच, फक्त सण बदलायचा. प्रस्तुत नियमावलीचा दावा असा, की दुसऱ्या धर्माच्या सणावाराबाबत गावात जे चुकतं त्यातलं फार थोडं द्वेषापोटी चुकतं; बाकीचं सगळं या ‘मॅटर तेच’मुळे चुकतं. द्वेषावर नियमावली चालत नाही. आळसावर निदान प्रयत्न करून पाहता येतो.

नियम पहिला, आणि खरं तर हाच एक नियम: शुभेच्छा देण्याआधी दिवसाचा स्वभाव विचारून घ्यावा. सुट्टी आहे म्हणजे आनंद आहे, अशी शुभेच्छुकाची प्रामाणिक समजूत असते. पण सरकारी सुट्ट्यांच्या यादीत मोहरमही असतो आणि गुड फ्रायडेही. मोहरमच्या दहाव्या दिवशी, इसवी सन ६८० मध्ये, करबलाच्या मैदानावर इमाम हुसेन मारले गेले. शिया त्या दिवशी शोक करतात, सुन्नींपैकी अनेक जण रोजा ठेवतात. गुड फ्रायडेला येशूला क्रुसावर चढवलं. या दोन्ही दिवसांच्या हार्दिक शुभेच्छा दरवर्षी कुणी ना कुणी देतंच, आणि खाली समस्त मित्रपरिवाराची नावं असतात. गंमत म्हणजे दुःखाचा दिवस ओळखण्याची कला आपल्या पुढाऱ्यांना येत नाही असं मुळीच नाही. जुन्नर-आंबेगावात दशक्रिया विधी असला, की घाटावर सकाळी सगळ्यात आधी पोचतात ते हेच. पांढरा सदरा, पडलेला आवाज, मोजकी श्रद्धांजली, सगळं बिनचूक. तिथे कुणी चुकूनही ‘हार्दिक’ म्हणत नाही. म्हणजे कसब आहे. फक्त ते नात्याच्या आणि मतदारयादीच्या ओळखीपुरतं वापरलं जातं. ओळख नसलेल्या घरच्या दुःखाची चौकशी करायला एक फोन पुरतो, आणि गावात त्या समाजाचा एकही माणूस ओळखीचा नसेल, तर मग शुभेच्छा नेमक्या कुणाला चालल्यात हा प्रश्न उरतो.

शोक आणि आनंद एवढे दोनच स्वभाव असते तरी भागलं असतं. जैनांच्या संवत्सरीला माणूस वर्षभरात दुखावलेल्यांची क्षमा मागतो. बाजारपेठेतले दुकानदार ‘मिच्छामी दुक्कडम्’ म्हणतात, तेव्हा ‘तुम्हालाही शुभेच्छा’ असं उत्तर देणाऱ्याने क्षमा केली की नाही ते शेवटपर्यंत कळत नाही. पारशांची पतेती हा वर्षाचा शेवटचा दिवस, झाल्या-गेल्याचा पश्चात्ताप करण्याचा; नवं वर्ष दुसऱ्या दिवशी लागतं. आपण पतेतीलाच नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन मोकळे होतो, आणि पारशी माणूस सभ्य असल्यामुळे हसून आभार मानतो. ६ डिसेंबर हा महापरिनिर्वाण दिन. तिथे अभिवादन करायचं असतं. १ जानेवारीला अर्धं जग नव्या वर्षाच्या गडबडीत असतं, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात कोरेगाव भीमाच्या स्तंभापुढे १८१८ च्या लढाईतल्या सैनिकांना मानवंदना द्यायला लाखो माणसं रांगेत उभी असतात. दसऱ्याला आपट्याचं पान देताना हेही ध्यानात असावं, की बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली त्या १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दसराच होता. समोरच्याने पान घेऊन ‘जय भीम’ म्हटलं, तर आपणही ‘जय भीम’ म्हणावं. त्याने सोनं बाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: भावना महत्त्वाची, शब्दांचा कीस कशाला काढता? आक्षेप वरवर मोठ्या मनाचा वाटतो. पण भावनेला समोरचा माणूस दिसावा लागतो. ज्या फ्लेक्सवर देणाऱ्याचा चेहरा चार फुटी आणि घेणाऱ्याचा सण चार इंची असतो, तिथली भावना कुणाबद्दलची आहे हे टेप लावूनही सिद्ध करता येईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो गावातलाच आहे. आमच्याकडे मोहरम कधी नुसता शोकाचा नव्हता, असं जुनी माणसं सांगतात, आणि ते बरोबर आहे. महाराष्ट्रात गावोगाव ताबूत बसत, पंजे उठत, सवाऱ्या निघत. हिंदू घरांतून नवस बोलले जात, चोंगे आणि मलिदा सगळे खात, ताशाही वाजे. पुण्यात तर १८९४ आधी ताबुतांत हिंदूंची मोठी गर्दी असे. सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाल्यावर ती पद्धतशीरपणे ओसरली. मग त्या मोहरमच्या शुभेच्छा का देऊ नयेत? उत्तर त्या जुन्या रीतीतच आहे. ती माणसं पंज्याला खांदा देत, सरबत वाटत, मिरवणुकीत चालत, पण कुणी कुणाला मोहरमची बधाई देत नसे. सामील होणं आणि शुभेच्छा देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. आपल्याला सामील होण्याचा कंटाळा आला, म्हणून शुभेच्छा वाढल्या.

नियम दुसरा: तारीख आदल्या रात्रीपर्यंत छापू नये. ईद चंद्रदर्शनावर ठरते आणि फ्लेक्स चार दिवस आधी टांगायचा असतो, हा शुभेच्छुकांपुढचा खरा शास्त्रीय पेच आहे. नारायणगावच्या शेजारी खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या असलेली जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. जवळपासच्या परिसरात पसरलेल्या अशा ३० तबकड्या मिळून ती दूरच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनचा माग काढते. पण चाँद दिसला का, हे सांगायला अजूनही गच्चीवर चढलेला माणूस लागतो. तेव्हा धीर धरावा.

चंद्राचा विषय निघालाच आहे तर थोडं खोलात जाऊ, कारण शुभेच्छुकांचे निम्मे घोटाळे इथे होतात. हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. आपलं पंचांगही चांद्रच, पण साधारण ३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून ते ऋतूंशी मेळ राखतं. त्यामुळे दोन अधिक महिन्यांच्या मधल्या काळात हिंदू आणि मुस्लिम सण जोडीने चालतात आणि पुढचा अधिक महिना आला की जोडी फुटून नवी जमते. २०२१ मध्ये आषाढी एकादशी २० जुलैला आणि बकरी ईद २१ ला होती. २०२२ मध्ये दोन्ही १० जुलैला, २०२३ मध्ये दोन्ही २९ जूनला. मग २०२३ चा अधिक श्रावण आला आणि पुढल्या वर्षी एकादशी महिनाभर पुढे गेली. त्या अधिक महिन्याने नव्या जोड्या लावल्या: २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी; २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला, रमजान ईद ११ ला; २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, ईद ३१ ला. याला कुणी योगायोग म्हणतं, कुणी कट. ते नुसतं गणित आहे, आणि ते १९७३ पासून ‘कालनिर्णय’ सगळ्या धर्मांचे दिवस एकाच चौकटीत छापून दर घरी खिळ्याला टांगत आलं आहे.

या गणिताने माणसांची परीक्षा घेतली, तेव्हा माणसं पास झाली. २०२३ च्या आषाढीला राज्यात अनेक गावांतल्या मुस्लिमांनी ठरवलं, की एकादशीला कुर्बानी करायची नाही. कुर्बानी ईदपासून तीन दिवस करता येते, त्यामुळे धर्मही राहिला आणि शेजारही. सप्टेंबरात अनेक ठिकाणी मिलादचे जुलूस विसर्जनानंतरच्या दिवसांवर नेले गेले आणि शासनाने २९ तारखेला सुट्टी दिली. यात एकमेकांच्या सणाला किती दिवसांची मुभा आहे, कुठला दिवस हलतो आणि कुठला हलत नाही, याची माहिती कामाला आली. एकादशी हलत नाही. कुर्बानी एक दिवस थांबू शकते. हे ज्याला ठाऊक आहे त्याने शुभेच्छा नाही दिल्या तरी चालतं. आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्या शुभेच्छा मिळून मिळून काय मिळणार?

इतकं सगळं कोण लक्षात ठेवणार, हा तिसरा आक्षेप. तो निदान नारायणगावात कुणी घेऊ नये. पाडव्याच्या सुमारास इथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. तिथला फडाचा मॅनेजर पाहावा. कुठल्या गावची यात्रा चैत्र वद्य अष्टमीला, कुठल्या देवीची पौर्णिमेला, कुठल्या पिराचा उरूस कधी, कुठल्या गावाला हजेरीचा कार्यक्रम हवा, सगळं त्याच्या वहीत आणि वहीपेक्षा डोक्यात असतं. अनेक गावांत पिराच्या उरुसालाही तमाशा असतो. तिथेही गण गणपतीचाच होतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. तमाशा कलावंत विठाबाईंचं हे गाव. पोट ज्याचं दुसऱ्याच्या सणावर चालतं तो दुसऱ्याचा सण विसरत नाही. टोमॅटोच्या बाजारात बाहेरच्या राज्यातून आलेला व्यापारी ईदला घरी जाणार का, हे आपल्या शेतकऱ्याला बरोब्बर माहीत असतं, कारण क्रेटचा भाव त्यावर हलतो. लक्षात राहतं. ठेवायची इच्छा हवी.

आता सावध मंडळींचा मार्ग. कुणालाच काही लागू नये म्हणून ते सर्वांना ‘सणासुदीच्या शुभेच्छा’ पाठवतात; बारा महिने, सर्व धर्म, एकच चित्र. हा मार्ग सुरक्षित आहे आणि निरुपयोगी आहे.

एक आक्षेप मात्र आदराने ऐकावा. काही माणसं दुसऱ्या धर्माच्या सणाला शुभेच्छा देत नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. हे सगळ्याच धर्मांत आहे. अशा माणसाला चौकात अडवून त्याच्याकडून ‘मुबारक’ किंवा ‘जय श्रीराम’ वदवून घेणं ही संवेदनशीलता नव्हे, दादागिरी आहे. तो शेजाऱ्याच्या मांडवाला खुर्च्या देतो का, दवाखान्यात नेण्यासाठी रात्री गाडी काढतो का, एवढं पाहावं. काढत असेल तर त्याच्या शुभेच्छा पोचल्या असं समजावं. उलट बाजूने, जो प्रेमाने चुकीचं बोलतो त्याला चारचौघांत दुरुस्त करू नये; बाजूला घेऊन सांगावं, तेही हसत. धर्म एकच असताना तरी आपल्यात कुठे एकमत आहे? शिवनेरी याच तालुक्यात. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही जन्मतारीख स्वीकारली, तरी फाल्गुन वद्य तृतीयेला गडावर पुन्हा गर्दी असतेच. महाराजांच्या बाबतीत आपण दोन तारखा सांभाळतो, तर दुसऱ्याच्या घरची एक तारीख सांभाळणं अवघड नाही.

खाण्याच्या बाबतीत नियम थोडे आणि कडक. दिवाळीला फराळाचा डबा गेला असेल, तर तो रिकामा परत येत नाही. ईदच्या दिवशी त्यात शीरखुर्मा येतो, आणि तो त्याच दिवशी खावा, नासतो. श्रावणात कुणी बिर्याणीचा आग्रह करत नाही, तसा रमजानात दुपारी कुणाला चहाचा आग्रह करू नये. एवढी परतफेड व्हावी. जैन घरी डबा देताना कांदा-लसूण घातलाय का ते सांगून द्यावं. इफ्तारच्या कार्यक्रमात पुढाऱ्यांचं भाषण मगरिबच्या अजानच्या आधी संपलं पाहिजे. दिवसभर पाणीही न प्यालेल्या माणसासमोर खजुराचं ताट ठेवून विकासकामांची यादी वाचणं याला कुठल्याच धर्मात क्षमा नसावी.

शुभेच्छुकांनी आताच एक नोंद करून ठेवावी. २०२७ ची महाशिवरात्र ६ मार्चला आहे आणि तेव्हा रमजानचे शेवटचे रोजे चालू असतील. भीमाशंकरला निघालेला आणि मशिदीत निघालेला, दोघेही त्या दिवशी उपाशी असतील. कृपया त्या आठवड्याच्या फ्लेक्सवर पेढ्यांचं ताट टाकू नका.